बी सगळ्यात शेवटी

वस्तीतल्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर भाजी लावायचं ठरलं, की पहिली खरेदी होते बियांची. रंगीत पाकिटं येतात, कुणीतरी कुदळ आणतं, सुट्टीच्या दिवशी वीस माणसं जमतात, फोटो निघतात. तीन महिन्यांनी त्याच जागी गुडघाभर तण असतं आणि टिकून राहिलेली दोन माणसं एकमेकांची तोंडं बघत असतात. यात बियांचा काही दोष नसतो. या सगळ्या कामात बी हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सांगितलं ऐकणारी गोष्ट आहे. जागा किती वर्षं आपली, माती कसली, ऊन किती तास, पाणी कुठून, आणि कंटाळा आलेल्या दिवशी ते घालणार कोण, हे प्रश्न मात्र त्याच्या आधीचे. ते विचारायचे राहून जातात, कारण त्यांची उत्तरं पाकिटात मिळत नाहीत.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवतो. बी शेवटी.

ताटाचा कोणता कोपरा?

आधी एक हिशेब, कारण त्याच्याविना या विषयावरच्या अर्ध्या गप्पा हवेतच राहतात. शहर आपलं अन्न आपणच पिकवू शकेल का?

एका प्रौढ माणसाला दिवसाला ढोबळमानाने २,००० कॅलरी लागतात असं धरू. वर्षाचे झाले ७ लाख ३० हजार. जगभरात गव्हाचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका चौरस मीटरला ३५० ग्रॅम गहू, त्यातून सुमारे १,२०० कॅलरी. भागाकार केला की एका माणसाला वर्षभर नुसत्या गव्हावर जगवायलाही ६०० चौरस मीटर जमीन लागते. आता दुसरी बाजू पाहा. दाट शहरात एका चौरस किलोमीटरमध्ये १०,००० माणसं सहज राहतात. माणशी वाट्याला आले १०० चौरस मीटर, आणि त्यातच घरं, रस्ते, शाळा, दवाखाने, वाहनतळ सगळं बसवायचं. हिशेब इथेच मिटला. पोट भरणारं धान्य शहराबाहेरूनच येणार.

मग भाजीवर पोट भरू म्हणाल, तर १०० ग्रॅम पालकात जेमतेम २३ कॅलरी असतात. दिवसाची गरज पालकावर भागवायची तर रोज साडेआठ किलोंहून जास्त पालक खावा लागेल. गाय कदाचित हो म्हणेल.

प्रश्न थोडा बदलला की उत्तर पार बदलतं. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. वर्षाचे १४६ किलो. वाफा नीट सांभाळला आणि एकामागोमाग एक पिकं घेता आली, तर वर्षाला चौरस मीटरमागे २ ते ४ किलो भाजी निघणं अशक्य नाही. नवख्याने पहिल्या वर्षी एकच किलो धरावा, वर निघाली तर आनंद मानावा. मधला ३ किलोचा आकडा घेतला, तर एका माणसाच्या भाजीला ५० चौरस मीटर पुरतात. ब्रिटनमध्ये शहरातल्या लोकांना भाडेपट्ट्याने भाजीचे तुकडे देण्याची जुनी पद्धत आहे, त्यांना ‘अलॉटमेंट’ म्हणतात. तिथल्या एका तुकड्याचं रूढ माप आहे १० रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. एका कुटुंबाची भाजी निघावी म्हणून ठरलेलं हे माप. कॅलरीचा आणि किलोचा हिशेब मांडायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं, पण पाच माणसांच्या घराला आपलं गणितही नेमकं तिथेच येऊन पोचतं.

तेव्हा वस्तीतली शेती ताट भरत नाही, ताटाचा हिरवा कोपरा भरते. हा कोपरा हलका समजू नका. धान्य पोत्यात वर्षभर टिकतं, समुद्र ओलांडून येतं. पालेभाजी मात्र खुडल्या क्षणापासून उतरायला लागते, आणि तिच्यातलं क जीवनसत्त्व पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने कमी होतं. जे लवकर नासतं ते जवळ पिकवावं, हा तर्क काही आजचा नाही. फॉन ट्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदार अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्ये शहराभोवती वर्तुळं आखून हेच दाखवलं होतं. सगळ्यात आतल्या वर्तुळात भाजी आणि दूध, धान्य त्याच्या बाहेर, आणि चरणारी जनावरं सगळ्यात लांब. पुढे शीतगृहं आणि ट्रक आले आणि ती वर्तुळं विस्कटली. वस्तीतला वाफा म्हणजे त्या आतल्या वर्तुळाचा उरलेला तुकडा.

संकट आलं की वाफे येतात

मोठ्या प्रमाणावर हे आधी झालेलं आहे, आणि बहुतेक वेळा नाइलाजाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरामागे, शाळांच्या आवारात, बागांमध्ये भाजीचे वाफे निघाले. १९४३-४४ च्या सुमारास अशा ‘विजय बागां’ची संख्या सुमारे २ कोटी होती आणि देशातल्या ताज्या भाजीपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भाजी त्यांतून येत होती, असा तेव्हाचा अंदाज. ब्रिटनमध्ये तर लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्याच्या कोरड्या खंदकातही भाजी लावली होती. युद्ध संपलं, दुकानं भरली आणि बहुतेक वाफ्यांवर पुन्हा हिरवळ आली. जमीन तीच, माणसं तीच, बियाणंही तेच. गरज तेवढी गेली होती.

क्यूबाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारं तेल, रासायनिक खत, ट्रॅक्टरचे सुटे भाग, सगळंच आटलं. गावाकडे पिकलेली भाजी हवानापर्यंत आणायला डिझेल नव्हतं. तेव्हा शहरातच, पडीक जागांवर, ‘ऑर्गानोपोनिको’ उभे राहिले. काँक्रीटच्या किंवा दगडांच्या कडा बांधून केलेले लांबलचक उंच वाफे, त्यांत माती आणि कंपोस्ट. खालची जमीन खराब किंवा फरसबंद असली तरी अडत नव्हतं, कारण मूळ तिथवर जाणारच नव्हतं. या वाफ्यांनी हवानाला मोठ्या प्रमाणावर ताजी भाजी दिली, हजारो लोकांना काम दिलं. तरीही क्यूबा आजसुद्धा अन्नाचा मोठा हिस्सा बाहेरून आणतो, त्यात धान्य आलंच. शहरी शेतीवर बोलणारे बरेच जण पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गाळतात. मला दोन्ही एकत्रच सांगावीशी वाटतात, कारण वर मांडलेला हिशेब एका अख्ख्या देशाने प्रत्यक्ष करून दाखवलेला आहे.

जमीन कुणाची, आणि कधीपर्यंत

आता त्या सुट्टीच्या दिवशी जमलेल्या वीस जणांकडे येऊ. त्यांचा पहिला प्रश्न ‘काय लावायचं’ हा नसावा. ‘ही जागा आपल्याकडे किती वर्षं आहे’ हा असावा.

याचं कारण मातीत आहे. शहरातल्या रिकाम्या जागेची माती बहुतेक वेळा माती नसतेच. राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टिक, आणि वरून रोलर फिरून घट्ट झालेला थर. त्यात कंपोस्ट मिसळत, आच्छादन घालत, गांडुळांना परत बोलवत ती सुधारायला तीन-चार वर्षं जातात. फळझाड लावायचं तर तेवढीच वर्षं फळाची वाट पाहायची. अकरा महिन्यांच्या तोंडी परवानगीवर कुणी मातीत एवढा जीव ओतत नाही, आणि ओतूही नये.

न्यू यॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून बाग केली. शहर तेव्हा दिवाळखोरीच्या दारात होतं, पडक्या जागा कुणालाच नको होत्या. पालिकेने पुढच्या वर्षी महिना एक डॉलर भाड्याने ती जागा देऊन टाकली. पाहता पाहता अशा शेकडो बागा झाल्या. मग शहर सावरलं, जमिनीला भाव आला, आणि १९९९ मध्ये त्याच पालिकेने शंभरावर बागा लिलावात काढल्या. शेवटच्या क्षणी दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. लॉस एंजेलिसमधल्या १४ एकरांच्या ‘साउथ सेंट्रल फार्म’च्या नशिबी तेवढंही नव्हतं. सुमारे ३५० कुटुंबं तिथे दहा-बारा वर्षं पिकं घेत होती. जमिनीच्या मालकीचा वाद ती हरली, आणि २००६ मध्ये तिथे बुलडोझर फिरले.

हे रडगाणं नव्हे, यात एक यंत्रणा लपलेली आहे. बाग चांगली झाली की आसपासची वस्ती राहण्यासारखी होते. ती राहण्यासारखी झाली की भाव चढतात. न्यू यॉर्कवरच्या २००८ च्या एका अभ्यासात सामुदायिक बागांच्या शेजारच्या मालमत्तांच्या किमती वाढल्याचं दिसलं, आणि सर्वांत जास्त वाढ होती ती सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये. भाव चढले की बाग करणाऱ्यांनाच तिथे राहणं परवडेनासं होतं. वाफा जितका यशस्वी, तितका त्याच्या जागेवर डोळा.

यावर उपाय लागवडीत सापडत नाही, कायद्यात सापडतो. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं. १९२५ च्या कायद्याने, त्यासाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येणार नाही अशी तरतूद केली. शंभर वर्षांनीही ते तुकडे शहरांच्या पोटात टिकून आहेत, याचं श्रेय बियाण्यांना कुणी देणार नाही. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराने वेगळा रस्ता धरला. २००१ च्या आर्थिक पडझडीनंतर २००२ मध्ये पालिकेने शहरी शेतीचा कार्यक्रम सुरू केला. पडून राहिलेल्या जागा रीतसर लागवडीला दिल्या, अवजारं आणि बियाणं दिलं, आणि भाजी विकायला शहरात बाजारही उभे केले. या कामाला २०२१ मध्ये शहरांसाठीचा एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली बाजाराची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विकायची सोय असेल तरच माणूस हंगामाच्या पलीकडचा विचार करतो.

तेव्हा लेखी करार. मुदत, पाण्याची जोडणी कुणाच्या नावावर, आणि जागा परत मागितली तर किती महिने आधी सांगायचं, एवढं तरी त्यात हवं. उभं पीक काढून घेण्याइतका अवधी हा माणुसकीचा किमान हिशेब.

माती खाण्याआधी

शहराच्या मातीला आठवण असते. ज्या जागेवर आज कोथिंबीर लावायची, तिथे चाळीस वर्षांपूर्वी गॅरेज असेल, छापखाना असेल, जुन्या रंगाच्या भिंती पाडून टाकलेल्या असतील. यातला सर्वांत चिवट पाहुणा म्हणजे शिसं. पेट्रोलमध्ये ते दशकानुदशकं मिसळलं जात होतं (जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला), आणि घरांच्या रंगातही होतं. शिसं कुजत नाही, विरघळून वाहूनही फारसं जात नाही. जिथे पडलं तिथे वरच्या थरात शेकडो वर्षं बसून राहतं. म्हणून वर्दळीच्या रस्त्यालगतची आणि जुन्या इमारतींच्या भिंतीलगतची माती जास्त संशयास्पद.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. लोकांना वाटतं, शिसं झाडात चढतं आणि भाजीतून पोटात जातं. थोडंफार जातं, पण मुख्य वाट ती नाही. मुख्य वाट म्हणजे खुद्द माती: पानांवर उडालेली धूळ, गाजर-मुळ्याला चिकटलेला चिखल, नखांत अडकलेले कण, आणि तोंडात हात घालणारी मुलं. धोकाही सर्वांत जास्त मुलांनाच, कारण वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. फळात शिसं सहसा फार कमी उतरतं, पाल्यात त्याहून जास्त, मुळात सर्वांत जास्त. शंका असलेल्या जमिनीत टोमॅटो, भोपळा, शेंगा चालतील, पालक आणि गाजर नको. आणि सगळ्यात आधी माती प्रयोगशाळेत तपासून घ्यायची. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने निवासी जागेतल्या मातीसाठी धोक्याची पातळी २०२४ मध्ये दशलक्ष भागांत ४०० वरून २०० वर आणली. अहवाल हातात आला की तुलनेला हा आकडा उपयोगी पडतो.

अहवाल वाईट आला तरी जागा सोडायची गरज नसते. हवानाचीच युक्ती: खाली जाड, पाणी झिरपणारं कापड अंथरायचं, वर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा उंच वाफा करायचा, आणि वाटांवर लाकडाचा भुसा किंवा खडी टाकून जुनी धूळ दाबून टाकायची. कडा कशाच्या करता त्याकडे मात्र लक्ष असू द्या. रेल्वेचे जुने काळे स्लीपर फुकट मिळतात म्हणून लोक आणतात, पण ते डांबरासारख्या विषारी तेलात मुरलेले असतात. औषध मारलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. विटा, दगड, साधी फळी उत्तम.

या उंच वाफ्यांची दुसरी एक बाजू आहे, आणि ती हिरव्या उत्साहाला जरा टोचणारी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोप-अमेरिकेतल्या ७३ शहरी शेतजागा मोजल्या गेल्या. त्यांत पिकलेल्या भाजीमागे नेहमीच्या शेतीतल्या भाजीच्या सरासरी सहापट कार्बन उत्सर्जन निघालं. लांबून येणाऱ्या भाजीपेक्षा गल्लीतली भाजी पर्यावरणाला जड? उत्तर वाहतुकीत शोधलं तर सापडत नाही. अमेरिकेतल्या २००८ च्या एका हिशेबानुसार अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच होता, बहुतेक सगळं उत्सर्जन शेतातच होतं. उत्तर आहे त्या कडा, फरसबंदी, छपरं आणि शेडमध्ये. सिमेंट-लाकूड नवं आणायचं, पाच वर्षांत बाग मोडायची, आणि तेवढ्या खर्चावर थोडीशीच भाजी घ्यायची, तर किलोमागचा बोजा वाढणारच. तोच वाफा वीस वर्षं चालला तर बोजा जवळपास चौथाईवर येतो. जागेच्या मुदतीचा प्रश्न इथे पुन्हा दार वाजवतो. शिवाय त्याच अभ्यासात उघड्यावर मातीत घेतलेला टोमॅटो तापवलेल्या काचघरातल्या टोमॅटोपेक्षा सरस ठरला. तेव्हा जुन्या विटा, मोडक्या दरवाज्यांच्या फळ्या, मिळेल ते वापरा. देखणं नाही दिसलं तरी चालेल.

ऊन, पाणी, वजन

उन्हाचा नियम सोपा आहे. फळ खायचं असेल तर रोज सहा तासांहून जास्त थेट ऊन हवं, पान खायचं असेल तर तीन-चार तासांतही निभावतं. इमारतींच्या मधल्या जागेत तुमचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून कागदावर जागेचा नकाशा काढा आणि एकाच दिवशी सकाळी, दुपारी आणि दुपार कलल्यावर सावलीची रेघ मारा. ऋतू बदलला की सूर्याचा मार्ग बदलतो, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. सावलीत विजेचे दिवे लावून पिकवण्याचा मोह झाला, तर बंद इमारतीत दिव्यांवर भाजी पिकवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे एकदा पाहा. ‘एरोफार्म्स’ने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, ‘बावरी फार्मिंग’ २०२४ मध्ये बंद पडली. फुकटच्या सूर्याशी विजेच्या बिलाने स्पर्धा करायची, हे अवघड गणित आहे.

पाण्याला एक सोपं सूत्र आहे, ते पाठ असावं: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाच्या दिवसांत भाजीच्या वाफ्यातून रोज ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या लागवडीला रोज ५०० लिटर. दहा लिटरच्या झारीने पन्नास खेपा! नळ शंभर पावलं लांब असेल तर ही बाग कितव्या आठवड्यात मरेल तेवढंच सांगायचं बाकी राहतं. त्याच सूत्राने छपरावरचं पाणीही मोजता येतं. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर, त्यातलं थोडं वाया जाणार. दोन दिवसांची सोय झाली. पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घातलं की बाष्पीभवन बरंच घटतं आणि तणही दबतं. एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही, तरी लोक ते घालत नाहीत, कारण ‘स्वच्छ’ काळी माती दिसायला छान वाटते.

गच्चीवर करायचं तर वजन. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड भरते. ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरमागे ५०० किलोंच्या घरात, आणि साधी गच्ची सहसा १५० ते २०० किलोंसाठी बांधलेली असते. त्यामुळे गच्चीभर वाफे नकोत. हलकं मिश्रण, उथळ ट्रे, आणि जड कुंड्या कडेने, खालच्या तुळई आणि भिंतींच्या वर. बांधकामाच्या अभियंत्याला आधी विचारायचं, पाणी खाली झिरपल्यावर नाही.

कुजणं ही कला

शहरात ज्या गोष्टीचा तोटा नाही ती म्हणजे ओला कचरा. बाहेरून खताची पोती आणायची आणि स्वयंपाकघरातली सालं गाडीने शहराबाहेर पाठवायची, हे दुहेरी नुकसान आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या भाजीवाल्या माळ्यांना हे पक्कं माहीत होतं. शहरात गाड्या ओढणाऱ्या हजारो घोड्यांचं शेण ते तबेल्यांतून आणत, वाफ्याखाली जाड थरात दाबत आणि कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर, काचेच्या घुमटांखाली, ऐन थंडीत भाजी काढत. मोटारी आल्या, घोडे गेले, आणि त्यांच्यामागोमाग ती शेतीही गेली. शहराची घाण हेच शहराचं खत, हे नातं तिथेच तुटलं.

ते परत जोडायला लागणारं शास्त्र फार नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नत्र सुमारे ३० ला १ या प्रमाणात आवडतं. भाज्यांची सालं, उरलेलं अन्न यांत नत्र जास्त. सुकी पानं, भुसा, पुठ्ठा यांत कार्बन जास्त. व्यवहारात बादलीभर ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या सुकी पानं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. ढीग निदान एक घनमीटरचा झाला तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं, त्यात रोगजंतू आणि तणाचं बी बहुतांश मरतं. ढिगाला वास येतोय? मग आत हवा नाही. उलथा आणि सुकी पानं घाला. वस्तीतल्या शेतीविरुद्धच्या तक्रारींमध्ये वास आणि उंदीर या दोन नेहमीच्या असतात, आणि दोन्हींवर पहिला उपाय सारखाच: ओला कचरा कधीही उघडा ठेवू नका, पानांखाली झाका. मांस आणि तेलकट पदार्थ ढिगात नकोतच.

पाळी कुणाची

सगळ्यांनी मिळून एकच शेत करायचं, की प्रत्येकाला आपापला वाफा द्यायचा? सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हा अनुभव जुना आहे. पण नुसते आपापले वाफे केले की चार कोरडे पडतात, दोनांत जंगल माजतं, आणि सामाईक नळ कुणी दुरुस्त करत नाही. टिकलेल्या बागांमध्ये मिश्रण दिसतं: वाफा आपला, कंपोस्ट, वाटा, कुंपण आणि पाणी सामाईक, आणि सामाईक कामाचे महिन्याला ठरलेले तास. सलग इतके आठवडे वाफा ओसाड राहिला तर तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला, हेही आधीच लिहून ठेवलेलं बरं. नंतर तोंडी सांगताना मैत्री तुटते.

चोरीचं काय, असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतं. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गावाने २००८ पासून हा प्रश्नच उलटा केला. पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि गावातल्या इतरांनी पोलिस ठाण्यासमोर, स्टेशनवर, रस्त्याच्या कडेला खाण्याची झाडं लावली आणि ज्याला हवं त्याने तोडून न्यावं असं जाहीर केलं. यातून गावाचं पोट भरलं असं नाही, तो दावाही नव्हता. जिथे सगळ्यांनाच न्यायला मुभा आहे तिथे चोर कुणाला म्हणणार? कुंपणाबाहेरच्या पट्टीत पुदिन्यासारखी पुन्हा पुन्हा फुटणारी झाडं लावावीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना खुडू द्यावीत. आतला टोमॅटो त्यामुळे थोडा सुरक्षित राहतो, असं माझं मत. वाद घालायला हरकत नाही.

किडीबद्दल जास्त लिहीत नाही. मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, एकाच वाफ्यात एकच पीक पुन्हा पुन्हा घेऊ नका, आणि बाजूने फुलझाडं लावा. फुलं शोभेसाठी नाहीत. भोपळा-काकडीला मधमाशी लागते, आणि ती येत नसेल तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर हाताने टेकवावं लागतं.

आता पाकिटं फोडा

करार झाला, अहवाल आला, नळ जवळ आहे, पाळ्या लागल्या. आता बी. पहिल्या वर्षी सगळ्यात घाईची पिकं घ्या: मुळा तीस दिवसांच्या आसपास, पालेभाज्या चाळीस, घेवडा दोन महिने. पहिली तोडणी लवकर झाली की माणसं टिकतात. कापल्यावर पुन्हा फुटणाऱ्या भाज्या आधी, एकदाच देणाऱ्या मागून. बटाटा-कांदा बाजारात स्वस्त मिळतो आणि टिकतो, त्याला ही मोलाची जागा देऊ नका.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपट खोल पेरायचं, त्याहून खोल गेलं की ते वर येण्याआधीच दमतं. ओळीला नाव आणि तारखेची पाटी लावा. आणि पाकीट अर्धंच रिकामं करा. उरलेलं तोंड दुमडून कोरड्या डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांनी पेरा, नाहीतर एकाच आठवड्यात चाळीस मुळे तयार होतात आणि पुढचा महिना वाफा रिकामा.